कुत्र्याच्या प्लेटलेट कमी आल्या, तर आधी काय आणि मग काय

सोलापुरातल्या एका लॅबमध्ये मी रक्ताच्या स्लाइड तपासते. नमुने बहुतेक माणसांचेच असतात, पण रोज दोन-चार कुत्र्यांचेही येतात, आणि उन्हाळा लागला की ते वाढत जातात. रिपोर्ट न्यायला आलेला माणूस आधी प्लेटलेटचा, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशींचा, आकडा शोधतो आणि लगेच विचारतो, ‘मॅडम, पपईच्या पानांचा रस किती द्यायचा?’ घरात कुणाला तरी डेंग्यू होऊन गेलेला असतो, तिथून हे डोक्यात बसलेलं असतं. कुत्र्याच्या बाबतीत इथून सुरुवात केली की पाच-सहा दिवस हातचे जातात, आणि पुष्कळदा नेमके तेच दिवस मोलाचे असतात.

प्लेटलेट कमी होणं हे लक्षण आहे. त्यामागे दहा वेगवेगळी कारणं असू शकतात आणि एकावरचं औषध दुसऱ्याला घातक ठरू शकतं. त्यामुळे क्रम चुकवू नका. कुत्रा आत्ता धोक्यात आहे का, आकडा खरा आहे का, कारण कोणतं, हे ठरल्यावर मग औषध. औषध आणि त्याचा डोस पशुवैद्यांनीच ठरवायचा. घरच्यांनी काय बघायचं, काय विचारायचं आणि काय टाळायचं, ते मी इथे सांगते.

१. कागद बाजूला ठेवा, आधी कुत्रा बघा

निरोगी कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण २ ते ५ लाख असतात. प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते, म्हणून रिपोर्टवर शेजारीच छापलेली मर्यादा वाचा. ५०,००० च्या खाली गेल्या की जपायचं. ३०,००० च्या खाली काही न लागताही रक्त येऊ शकतं. तरीही २०,००० वर शेपूट हलवत जेवणारा कुत्रा मी पाहिला आहे आणि ६०,००० वर गळून पडलेलाही. म्हणून आधी कुत्रा बघा.

दिवसाच्या उजेडात, दाराशी घेऊन बसा. घरातल्या ट्यूबलाइटखाली हिरड्यांचा रंग फसवतो.

ओठ वर करून हिरडी बघा. ती गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. हिरडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात का ते बघा. हिरडी काळी असेल तर डोळ्याची खालची पापणी हळूच ओढून आतला रंग बघा.

मग कुत्र्याला कुशीवर झोपवून पोट आणि मांड्यांच्या आतली बाजू बघा, तिथे केस विरळ असतात. प्लेटलेट कमी असल्याची खूण इथेच सगळ्यात आधी दिसते: लाल-जांभळे ठिपके किंवा मार लागल्यासारखे डाग. डासाच्या चाव्याला फुगवटा असतो आणि दाबलं की त्याची लाली फिकी होते. रक्ताचा ठिपका सपाट असतो आणि दाबला तरी तसाच राहतो. आमच्या चिंगीच्या पोटावर असे ठिपके आले तेव्हा मी डास समजून दोन दिवस खोबरेल तेल लावत बसले होते. त्या दोन दिवसांत तिच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरलं.

कानाची आतली बाजू, डोळ्याचा पांढरा भाग, लघवीचा रंग आणि शी हेही बघा. डांबरासारखी काळी, चिकट शी म्हणजे पोटात वरच्या भागात रक्त जातंय. ताप बघायचा तर थर्मामीटर गुदद्वारातच लावावा लागतो, आणि १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान आहे. नाक गरम लागलं म्हणजे ताप आला असं नसतं.

लगेच निघा, सकाळची वाट बघू नका: हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या पडल्या, घोळणा फुटला आणि दहा मिनिटांत थांबला नाही, काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली, झोपेतही धाप लागते, उभं राहताना तोल जातो, झटका आला, पोट अचानक फुगलं.

घोळणा फुटला असेल तर कुत्र्याला शांत बसवा आणि नाकाच्या वरच्या हाडावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरा. मान मागे वाकवू नका, रक्त घशात उतरतं. नाकात कापूस कोंबू नका. घरातल्यांचा आरडाओरडा थांबवा. कुत्रा घाबरला की रक्तदाब वाढतो आणि रक्त जोरात येतं.

२. आकडा खरा आहे का

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात, म्हणून इथे थोडी थांबते.

जुळे सोलापूरकडचा एक लॅब्रॅडोर आला होता. दुसरीकडच्या मशीनवर त्याच्या प्लेटलेट १४,००० आल्या होत्या. घरचे तीन दिवस त्याला उचलून जिन्यावरून खाली नेत होते आणि त्याच्यावर स्टेरॉइडही सुरू झालं होतं. मी स्लाइड केली. रक्ताचा थर जिथे निमुळता होत संपतो त्या टोकाला रांगोळीची चिमूट सांडावी तसे जांभळट पुंजके होते. प्लेटलेट तिथेच होत्या, फक्त एकमेकींना चिकटलेल्या. मशीनला पुंजका मोजता येत नाही. नव्याने रक्त काढून लगेच स्लाइड केली, तर आकडा २ लाखांच्या वर निघाला.

असं का होतं? शीर सापडेपर्यंत सुई आत फिरवली, रक्त थेंब-थेंब आलं, किंवा बाटलीत भरल्यावर ते तिथल्या रक्त गोठू न देणाऱ्या औषधात नीट मिसळलं नाही, की प्लेटलेट गोळा होतात. काही कुत्र्यांच्या प्लेटलेट तर जांभळ्या टोपणाच्या बाटलीतल्या औषधामुळेच चिकटतात. माणसांसाठी लावलेल्या मशीनवर कुत्र्याचं रक्त घातलं तरी चूक होते, कारण मोठ्या आकाराच्या प्लेटलेट त्या मशीनला लाल पेशी वाटतात.

त्यामुळे नमुना देताना एवढं बघा:

- रक्त एका दमात, चांगल्या शिरेतून काढलेलं असावं. गुठळी झालेला नमुना घेऊन जाऊ नका, पुन्हा काढायला सांगा.
- बाटली भरल्यावर ती ८-१० वेळा हळूच उलटी-सुलटी करायची. हलवून फेस आणायचा नाही.
- नमुना दोन-चार तासांत लॅबमध्ये पोहोचला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, उन्हात ती डिकी तव्यासारखी तापते. थंड पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून नमुन्याशेजारी ठेवा. बर्फाला चिकटवून नेऊ नका, गोठलं की पेशी फुटतात.
- लॅबला सांगा: ‘कुत्र्याचा नमुना आहे, स्लाइडवर प्लेटलेट बघून पुंजके आहेत का ते लिहून द्या.’ हे सांगायला कुणीही संकोचू नये. आम्हाला त्याचा राग येत नाही.

स्लाइडवरचा हिशोब सोपा आहे. तेल लावलेल्या १०० च्या लेन्सखाली दहा ठिकाणच्या प्लेटलेट मोजायच्या आणि सरासरीला साधारण १५,००० ने गुणायचं. सरासरी ३ आली तर ४५,००० च्या आसपास. हा अंदाजच असतो, पण मशीनचा आकडा सरळ खोटा असेल तर लगेच कळतं.

तपासून पुढे जा: रिपोर्टवर ‘पुंजके दिसले’ असा शेरा असेल तर तो आकडा धरायचा नाही. पुन्हा रक्त काढून निळ्या टोपणाच्या बाटलीत द्या. त्या बाटलीत पातळ औषध असल्यामुळे आलेल्या आकड्यात १० टक्के मिळवायचे असतात. पण पोटावर ठिपके असतील, हिरडीतून रक्त येत असेल, तर आकडा खराच समजून धावा. पुंजक्यांचा वाद घालत बसू नका.

ग्रेहाउंडमध्ये निरोगी असतानाही प्लेटलेट इतर जातींपेक्षा कमी असतात. कॅव्हेलियर स्पॅनियलमध्ये त्या मोजक्या पण मोठ्या असतात आणि त्याने काही बिघडत नाही. आपल्या भागात कारवानी, पश्मी अशी लांब अंगाची शिकारी कुत्री पुष्कळ जण पाळतात. त्यांना माझं सांगणं आहे की कुत्रा ठणठणीत असतानाच एकदा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करून कागद जपून ठेवा. पुढे कधी आजारी पडलं तर त्याच्या स्वतःच्याच जुन्या आकड्याशी ताडून बघता येतं.

३. डॉक्टरांकडे जाण्याआधी हे लिहून काढा

टेबलावर कुत्रा थरथरत असतो, डॉक्टर विचारतात आणि घरातलं प्रत्येक माणूस वेगळं सांगतं. म्हणून आधीच एका कागदावर उतरवा.

गेल्या महिन्या-दीड महिन्यात गोचीड दिसले का, एक जरी दिसला तरी लिहा. गोचिडाची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध शेवटचं कधी दिलं, तारखेसकट. गेल्या महिन्यात दिलेली सगळी औषधं, माणसांची गोळी दिली असेल तर तीही. ती लपवू नका, डॉक्टर रागावले तर रागावू द्या. उंदराचं औषध कुठे ठेवलं होतं का, शेजारी कुणी ठेवलं होतं का. मार्केट यार्डाजवळ, धान्याच्या दुकानांमागे, गोदामांच्या गल्लीत कुत्रं मोकळं फिरत असेल तर तेही सांगा. शेतावर नेलं होतं का, एखादा पाय किंवा तोंड अचानक सुजलं होतं का. उन्हात किंवा बंद गाडीत राहिलं होतं का. शेवटची लस कधी, त्यात लेप्टोची (उंदरांनी घाण केलेल्या पाण्यातून होणाऱ्या आजाराची) होती का. मादी असेल तर शेवटची पाळी कधी, आणि गाभ राहू नये म्हणून कुणी इंजेक्शन दिलं होतं का.

शीचा आणि लघवीचा फोटो काढून ठेवा. ओंगळ वाटेल, पण डॉक्टरांना शब्दांपेक्षा फोटोवरून जास्त कळतं.

४. कारणं, सोलापूरच्या हिशोबाने

गोचीडताप. आपल्याकडे कुत्र्याच्या प्लेटलेट पडल्या की सगळ्यात आधी याचीच शंका घ्यायची. तपकिरी गोचीड चावताना एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात सोडतो. चावल्यापासून एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो, खाणं सुटतं, डोळ्यांतून चिपडं येतात, गाठी सुजतात आणि प्लेटलेट घसरतात. तोवर तो गोचीड गळून गेलेला असतो, म्हणून ‘आमच्याकडे गोचीडच नाहीत’ हे वाक्य मी रोज ऐकते. अंगावर आज गोचीड नसल्याने काहीच सिद्ध होत नाही.

यातला खरा सापळा पुढे आहे. उपचार न करताही काही कुत्री दोन-चार आठवड्यांत बरी दिसायला लागतात. जंतू मात्र आत राहतो, काही महिने किंवा काही वर्षंसुद्धा. मग काही कुत्र्यांत तो हाडांतल्या मज्जेवर घाव घालतो आणि प्लेटलेट, लाल पेशी, पांढऱ्या पेशी असं तिन्ही खाली येतं. त्या टप्प्यावर औषधाचा फार थोडा उपयोग होतो. जर्मन शेफर्डमध्ये हा आजार जास्त बिकट होतो.

त्याचे भाऊबंद. अ‍ॅनाप्लाझ्मा हा जंतू थेट प्लेटलेटमध्येच शिरतो. त्यात आकडा दर एक-दोन आठवड्यांनी खाली येतो आणि आपोआप वर जातो. सोमवारी ३०,००० होता, पुढच्या सोमवारी दीड लाख झाला, ‘रस लागू पडला’ असं घरच्यांना वाटतं, आणि पुन्हा घसरतो. बॅबेसियामध्ये प्लेटलेटबरोबर लाल पेशीही फुटतात. हिरड्या फिक्या, डोळे पिवळे, लघवी चहाच्या रंगाची. एकाच गोचिडाने दोन जंतू दिले असंही घडतं, आणि मग एकावरचं औषध चालू असूनही कुत्रा सुधारत नाही.

शरीरच प्लेटलेट मारतं. कुत्रा चांगला खेळतोय, ताप नाही, आणि आकडा एकदम १०,००० च्या आसपास, अंगभर ठिपके. अशा वेळी कुत्र्याची स्वतःची प्रतिकारशक्ती प्लेटलेटवर उलटलेली असू शकते. हे कधी आपोआप होतं, तर कधी गोचीडताप, सल्फासारखी औषधं किंवा कॅन्सर यांच्यामुळे. बाकीची कारणं बाजूला केल्यावरच या निदानावर यायचं असतं.

उंदराचं औषध. यात मूळ बिघाड प्लेटलेटचा नसतो, रक्त गोठवणारी घटकद्रव्यं संपतात. पण रक्त वाहून गेल्यामुळे प्लेटलेटही खाली येतात आणि सगळे गोचिडाच्या मागे लागतात. खाल्ल्यावर दोन ते पाच दिवस काहीच दिसत नाही. मग धाप, सूज, लंगडणं किंवा एकदम गळून जाणं. रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी वेगळी असते, ती मागा. यावर व्हिटॅमिन के-१ कित्येक आठवडे द्यावं लागतं. औषधाचं पाकीट सापडलं तर घेऊन जा.

साप आणि ऊन. घोणस आणि फुरसं या दोन्हींच्या विषाने रक्ताची गोठण्याची व्यवस्था कोलमडते आणि प्लेटलेट खर्च होऊन जातात. शेतावरच्या कुत्र्याचं तोंड सुजलं आणि जखमेतून रक्त थांबत नाही, तर लॅबच्या रिपोर्टची वाट बघू नका, प्रतिविष मिळेल तिथे जा. उष्माघातातही असंच होतं, आणि प्लेटलेट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पडतात. पारा ४२-४३ वर असताना पत्र्याच्या शेडखाली बांधलेलं कुत्रं दुपारी कोसळलं, पाणी ओतल्यावर उठलं, म्हणून घरी ठेवलं, ही फार मोठी चूक आहे. नळाचं साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि ते सावरल्यासारखं दिसलं तरी दवाखान्यात न्या.

लेप्टो. पावसात साचलेल्या, उंदरांनी घाण केलेल्या पाण्यातून होतो. मूत्रपिंड आणि यकृत बिघडतं, प्लेटलेट पडतात. हा माणसालाही होतो, त्यामुळे आजारी कुत्र्याची लघवी पुसताना हातमोजे घालाच. गोचीडताप कुत्र्याकडून थेट तुम्हाला होत नाही, पण अंगावरचा गोचीड नुसत्या बोटांनी चिरडू नका.

याशिवाय फुगलेली प्लीहा, मज्जेचे आजार, कॅन्सर आणि त्याची औषधं, मादीला दिलेलं इस्ट्रोजेनचं इंजेक्शन हीही कारणं आहेत. ती डॉक्टरांनी शोधायची. तुम्ही फक्त माहिती पूर्ण द्या.

५. तपासण्या कोणत्या आणि कधी

क्रम महत्त्वाचा आहे, कारण काही तपासण्या औषध सुरू झाल्यावर बिनकामाच्या होतात.

आधी सीबीसी आणि स्लाइड. त्याच वेळी यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या. मग गोचीडतापाचं कार्ड, म्हणजे प्रेग्नन्सी कार्डासारखी दोन रेघांची पट्टी. कार्ड अँटिबॉडी दाखवतं. याचा अर्थ हा जंतू कधीतरी अंगात शिरला होता, इतकाच. आजारपणाच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत कार्ड निगेटिव्ह येऊ शकतं, आणि बरा झालेला कुत्रा पुढे कित्येक महिने पॉझिटिव्ह दाखवतो. मला सगळ्यात जास्त भांडावं लागतं ते याच कार्डावरून. ‘औषध पूर्ण झालं तरी रेघ जात नाही, अजून महिनाभर गोळ्या देतोय,’ असं लोक सांगतात. रेघ जाण्यासाठी गोळ्या द्यायच्या नसतात.

जंतू आत्ता रक्तात आहे का हे पीसीआर सांगतो. पीसीआरचं रक्त पहिली गोळी देण्याआधी काढा. नमुना बाहेरगावी पाठवावा लागला तरी चालतं. रक्त काढून ठेवा आणि मग औषध सुरू करा, रिपोर्टसाठी औषध थांबवू नका.

प्लेटलेट फार कमी असतील तर रक्त मानेतून न काढता पुढच्या पायातून काढायला सांगा आणि नंतर त्या जागेवर सलग पाच मिनिटं कापूस दाबून धरा. मिनिटा-मिनिटाला उचलून बघू नका. स्नायूत इंजेक्शन शक्यतो नकोच, तिथे रक्ताची गाठ होते. डॉक्टरांना सौम्यपणे आठवण करून द्या, घाईत राहून जातं.

६. औषध चालू असताना

गोचीडतापावर डॉक्सिसायक्लिन देतात आणि त्याचा कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो. लोक आठव्या-दहाव्या दिवशी थांबतात, कारण कुत्रा दोन-तीन दिवसांतच उठून बसतो, जेवतो, गेटवर भुंकतो. गोळ्या उरलेलं पाकीट फ्रिजवर पडून राहतं. चार महिन्यांनी तोच कुत्रा घोळणा फुटून येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पहिला दिवस आणि अठ्ठाविसावा दिवस गोल करून ठेवा आणि प्रत्येक गोळीनंतर त्या दिवशी खूण करा.

गोळी उपाशीपोटी देऊ नका, उलटी होते. दुधाबरोबर, दह्याबरोबर किंवा कॅल्शियम-लोहाच्या टॉनिकबरोबरही नको, औषध नीट शोषलं जात नाही. कोरडी गोळी घशात अडकली तर तिथे जखम करते, म्हणून मागोमाग थोडं पाणी किंवा ओला घास द्याच. आमच्याकडे मी ज्वारीची भाकरी कुस्करून चिकनच्या पाण्यात भिजवते आणि तीन छोटे गोळे करते. पहिला रिकामा, दुसऱ्यात गोळी, तिसरा रिकामा. तिसरा समोर दिसत असतो, म्हणून चिंगी दुसरा न चावताच गिळते. त्या पाण्यात मीठ-मसाला, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसणाने कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात आणि आधीच रक्त कमी असताना ते आणखी उतरतं. आणि शेंगाचटणीत लसूण असतो, हे आपल्या गावात वेगळं सांगावं लागतं.

हे देऊ नका: अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटॅमॉल. ‘ताप आहे, अर्धी दिली’ असं करू नका. यांतल्या काहींनी उरलेल्या प्लेटलेटही काम करेनाशा होतात, काहींनी पोटात अल्सर होऊन रक्त जातं, काहींनी यकृत बिघडतं. स्टेरॉइड चालू असताना दुखण्याची गोळी तर अजिबातच नको.

स्टेरॉइड स्वतःहून सुरू करू नका आणि स्वतःहून थांबवूही नका. शरीरच प्लेटलेट मारत असेल तर तेच मुख्य औषध आहे, पण ते महिनोन् महिने हळूहळू कमी करत न्यावं लागतं. निदानाआधीच दिलं तर आकडा वर जातो, सगळे निर्धास्त होतात आणि मूळ आजार आत तसाच राहतो.

पपईच्या रसाबद्दल. तो कडू असतो, कुत्रा तोंड फिरवतो, मग दोघं धरतात आणि तिसरा सिरिंजने ओततो. त्यात ठसका लागून रस फुप्फुसात जाऊ शकतो आणि झटापटीत हिरडीला लागून रक्त येतं. जंतू त्याने मरत नाही, उंदराचं विष उतरत नाही. डॉक्टरांना न विचारता देऊ नका, आणि त्याच्या भरवशावर एक दिवसही दवाखाना पुढे ढकलू नका.

या दिवसांत गळ्यातला पट्टा काढून छातीचा पट्टा लावा. हाडं चघळायला देऊ नका, नखं कापू नका, दात घासू नका, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती नको, गच्चीचा जिना नको. नसबंदीची तारीख ठरली असेल तर पुढे ढकला.

रक्त चढवायची वेळ येऊ शकते. त्याने प्लेटलेट फार काळ टिकत नाहीत, पण रक्त कमी होऊन जीव जाण्यापासून वाचतो. ओळखीत २५ किलोच्या वरचा, तरुण, लस झालेला, गोचिडाचं औषध वेळेवर मिळणारा कुत्रा कुणाकडे आहे हे आजच हेरून ठेवा. रात्री अकरा वाजता फोनवर फोन करण्यापेक्षा ते बरं. दात्याचीही गोचीडतापाची तपासणी आणि दोघांचं रक्त जुळवून बघणं आवश्यक आहे. इथे सोय झाली नाही तर जिल्ह्याच्या सरकारी पशुवैद्यकीय चिकित्सालयात किंवा पुण्याला न्यावं लागेल, पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. निघण्याआधी तिथे फोन करा आणि सगळे रिपोर्ट बरोबर घ्या.

७. आकडा पुन्हा कधी बघायचा

रोज नाही. रोज सुई टोचल्याने कुत्रा हैराण होतो आणि ५-१० हजारांच्या चढउतारावर घरचे रडतात, हसतात. इतका फरक मोजणीतच पडतो.

डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर साधारण तिसरा दिवस, सातवा दिवस, चौदावा दिवस आणि कोर्स संपल्यावर. नुकताच झालेला गोचीडताप असेल तर एक-दोन दिवसांत प्लेटलेट वर सरकायला लागतात आणि दोन आठवड्यांत बहुधा जागेवर येतात. दरवेळी तीच लॅब, तेच मशीन आणि सोबत स्लाइड.

इथे थांबून विचारा: सात दिवस झाले आणि आकडा हललाच नाही, तर ‘औषध हळू लागू पडतंय’ म्हणून गप्प बसू नका. गोळ्या खरंच पोटात जातायत का? सोबत बॅबेसिया आहे का? त्यावर डॉक्सिसायक्लिन पुरेसं पडत नाही, त्याची औषधं वेगळी आहेत. शरीरच प्लेटलेट मारतंय का? मज्जा रिकामी झाली आहे का? हे प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवा.

८. घरातले गोचीड

कुत्रा बरा झाला आणि आठवड्याने नवा गोचीड चिकटला, तर सगळं पहिल्यापासून. या जंतूविरुद्ध कायमची प्रतिकारशक्ती येत नाही.

तपकिरी गोचीड घरातच जन्मतो, घरातच वाढतो. पोट भरलेली मादी कुत्र्यावरून गळून पडते आणि फटीत शिरून हजारांच्या संख्येने अंडी घालते. आपल्याकडे जुन्या घरांत शहाबादी फरशी असते आणि तिच्या सांध्यातला सिमेंट उडालेला असतो. वाड्यांच्या काळ्या दगडी भिंतींतही तशाच फटी. संध्याकाळी टॉर्च घेऊन कुत्रा झोपतो त्या कोपऱ्यात भिंतीवर बघा, जमिनीपासून छातीच्या उंचीपर्यंत. मोहरीएवढे तपकिरी ठिपके वर चढताना दिसतील.

कामाचा क्रम असा. आधी कुत्र्याला गोचिडाची गोळी किंवा मानेवरचं औषध, वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून. झटके येणारा कुत्रा असेल तर ते आवर्जून सांगा. गोळीचं औषध गोचीड चावल्यावरच त्याला मारतं, म्हणून अंगावर एखादा दिसला तर गोळी फुकट गेली असं समजू नका. काही गोळ्या महिनाभर टिकतात, काही तीन महिने. पाकिटावरची मुदत कॅलेंडरवर लिहा. घरात दोन कुत्री असतील तर दोघांनाही त्याच दिवशी.

मग अंथरुण. कुत्र्याच्या अंगाखालची जुनी चादर, पोतं, सगळं कडकडीत पाण्यात धुवा आणि मेच्या उन्हात फरशीवर पसरा. पोतं तर टाकूनच द्या.

मग फटी. सांधे ब्रशने खरवडून काढा, व्हॅक्यूम असेल तर फिरवा, निघालेला कचरा बाहेर नेऊन जाळा आणि सांधे पांढऱ्या सिमेंटने भरून घ्या. फवारणी करायची तर माणसं, मुलं, मांजर आणि कुत्रा बाहेर, फरशी पूर्ण वाळल्यावरच आत. अंडी औषधाने मरत नाहीत, म्हणून दोन आठवड्यांच्या अंतराने तीन-चार वेळा करावं लागतं. एकदा करून सोडलेलं घर महिन्याने पुन्हा भरतं.

डाळिंबाच्या किंवा द्राक्षाच्या बागेत मारायचं औषध कुत्र्याच्या अंगावर कधीही मारू नका. ‘थोडं पाण्यात टाकून पुसलं’ म्हणून लाळ गाळत, थरथरत आणलेली कुत्री वाचतातच असं नाही. रॉकेल, फिनाइल, गरम काडी यांनीही गोचीड काढू नये.

एखादा काढायचा तर चिमट्याने कातडीला लागून धरा, पिरगळू नका, सरळ सावकाश ओढा. साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटच्या झाकणबंद बाटलीत टाका. प्लेटलेट कमी असतानाच काढला तर त्या जागेवर पाच मिनिटं दाबून धरा.

रोज रात्री जेवणानंतर दोन मिनिटं, याच क्रमाने: कानांच्या आत आणि कडेला, ओठाखाली, पट्ट्याखाली, काखेत, चारही पायांच्या बोटांमध्ये, शेपटीखाली. बोटांमधली जागा सगळे विसरतात, आणि चिंगीला लागोपाठ तीन वेळा गोचीड सापडला तो पुढच्या उजव्या पायाच्या बोटांतच.

कोर्स संपल्यावर तीन महिन्यांनी, कुत्रा कितीही चांगला दिसत असला तरी, एकदा सीबीसी आणि स्लाइड करून घ्या. जुना कागद सोबत आणा.